बेंगळूर, मुंबई, दिल्ली: वाचनालयातल्या अर्जकामाची वही

7 जून

कमिटीच्या बैठकीत ठरलं. पावसाळाभर दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात सरकारी नोकरीच्या अर्जांचं काम बसून करायचं. कमिटीने एक टेबल, प्रिंटर आणि जुना लॅपटॉप दिला. हे काम माझ्याकडे आलं, कारण नोकरीची बरीच वर्षं माझी आस्थापना शाखेत गेली आणि भरतीच्या छाननीला मी बऱ्याचदा बसलो.

उद्देश पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना देखणा बायोडाटा करून द्यायला आपण बसलेलो नाही. देखणा बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानातही मिळतो, कडेने फुलांची किनार घालून. आपल्याला छाननीत टिकणारा हवाय. छाननी करणाऱ्याच्या एका हाताला जाहिरात असते आणि दुसऱ्या हाताला अर्ज. जाहिरातीतली एक अट वाचायची, अर्जात तिचा पुरावा शोधायचा. सापडला तर टिक, नाही तर फुली, मग पुढची अट. पोरगा हुशार आहे की कष्टाळू, हे त्या टेबलावर कुणी विचारत नाही आणि विचारायला वेळही नसतो. म्हणून एकच नियम: ज्या ओळीच्या मागे कागद नाही, ती ओळ लिहायची नाही.

14 जून

पाऊस जोरात, लाईट नाही. तरी पोरं आली. इदलहोंड, गर्लगुंजी, नंदगड, एक तर थेट जांबोटीहून. सगळ्यांचे जुने बायोडाटा टेबलावर मांडून वाचले. वरचा भाग जवळजवळ सगळ्यांचा एकसारखा: ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्याचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करणे’. खाली ‘मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का’. त्याखाली छंद: क्रिकेट, गाणी ऐकणे. पण दहावीचा रजिस्टर नंबर एकाच्याही कागदावर नव्हता.

हे सगळं बाजूला ठेवायला सांगितलं आणि ‘मूळ तक्ता’ करायला बसवलं. मूळ तक्ता म्हणजे कुठेही न पाठवायचा कागद. घरच्या फायलीत राहणार. त्यात सगळं यायला पाहिजे, आणि सुरुवात एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डापासून. नाव त्या कार्डावर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नाही. जन्मतारीख तीच. मग प्रत्येक परीक्षेला एक ओळ: बोर्ड किंवा विद्यापीठ, रजिस्टर नंबर, पास झाल्याचा महिना आणि साल, एकूण गुण, मिळालेले गुण, टक्के दोन दशांशांपर्यंत.

टक्क्यांत गंमत झाली. आपल्याकडे एसएसएलसी 625 ची: पहिली भाषा 125, बाकीचे पाच विषय शंभराचे. एकाने कुठूनतरी ऐकून 600 ने भागलं होतं आणि त्याचे टक्के तीन-साडेतीनने फुगले होते. त्याला वाटत होतं फायदाच झाला. पोस्टाच्या ग्रामीण डाकसेवक भरतीत ना परीक्षा ना मुलाखत, दहावीच्या गुणांवर थेट यादी लागते. तिथे फुगलेले टक्के घेऊन यादीत आलेला पोरगा कागदपत्रं तपासताना घरी जातो.

पदवीच्या ओळीत विद्यापीठाचं नाव नीट लिहायचं. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 चं. त्याआधीची आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. थोरल्या भावाचा बायोडाटा उतरवून काढणाऱ्याच्या कागदावर विद्यापीठही थोरल्या भावाचंच येतं.

21 जून

नावांचा दिवस. कर्नाटकाच्या कार्डावर पोराचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव. बारावीला कोल्हापूरला गेलेल्याच्या कार्डावर आडनाव पहिलं. आधारवर तिसराच प्रकार: कन्नडवरून इंग्रजीत उतरवताना एक अक्षर वाढलेलं. एका मुलीच्या आधारवर लग्नानंतरचं नाव, डिग्रीवर माहेरचं.

ठरवलं ते असं. दहावीचं कार्ड हे मूळ, बाकी सगळं त्याला जुळवायचं. आधार दुरुस्त होतं, बँकेचं खातं दुरुस्त होतं. बोर्डाचं कार्ड दुरुस्त करायला गेलात तर वर्ष जातं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला फायलीत लावायचा. गावाच्या नावाची मात्र उगाच भीती घालू नये. 1 नोव्हेंबर 2014 नंतर ‘बेळगावी’ झालं. त्याआधीच्या दाखल्यांवर जुनं नाव असणारच आणि ते चालतं. पत्ता लिहिताना मात्र आधारवरचा आजचा.

दुसरं, मोबाईल नंबर. तिघांच्या अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर निघाला! ओटीपी त्याला, हॉलतिकिटाचा मेसेज त्याला, आणि तो आता गोव्याला असतो. प्रत्येकाने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल काढायचा, पासवर्ड वहीत लिहायचा. ईमेलच्या पत्त्यात ‘किंग’, ‘रॉयल’ असलं काही नको. त्याने अर्ज बाद होत नाही, पण मुलाखत घेणारा मनात हसतो.

28 जून

आज मुख्य गोष्ट मांडली. आपल्या भागातल्या पोराला अर्ज करायला तीन ठिकाणं आहेत: बेंगळूर, मुंबई आणि दिल्ली, म्हणजे कर्नाटक सरकार, महाराष्ट्र सरकार आणि केंद्र. राजकारणात याचं आपण रडगाणं करतो. अर्जाच्या टेबलावर बसून बघितलं तर ही आपली जमा बाजू आहे. पण तीन ठिकाणचे नियम तीन. तेव्हा मूळ तक्ता एक आणि त्यातून कापून काढलेल्या फायली तीन. एकच बायोडाटा तिन्हीकडे पाठवणारा तिन्हीकडून परत येतो.

आधी बेंगळूरची फाईल. कर्नाटकाचा लोकसेवा आयोग (केपीएससी) असो की परीक्षा प्राधिकरण (केईए), इथे बायोडाटा कुणी मागत नाही, ऑनलाइन अर्ज हाच बायोडाटा. त्यातले रकाने मूळ तक्त्यावरून भरायचे. मराठी माध्यमातल्या पोरांनी दोन रकाने जपायचे. कर्नाटकात ग्रामीण उमेदवारांना 25 टक्के आरक्षण आहे. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्याला ते मिळतं, माध्यमाची अट नाही. म्हणजे आपल्या बहुतेक पोरांचा तो हक्क. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात हेडमास्तरांची सही आणि त्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागते. शेजारचा रकाना कन्नड माध्यमाच्या 5 टक्क्यांचा. घाईत पोरं दोन्हीवर टिक करतात. मराठी शाळेत शिकलेल्याने दुसऱ्यावर टिक करायची नाही, पुढे ती खोटी माहिती ठरते.

कन्नडचा अनिवार्य पेपर 150 गुणांचा, त्यात निदान 50 पाहिजेत. पातळी दहावीची. हे गुण यादीत धरत नाहीत, पण 49 ला सगळं संपतं. जांबोटीचा पोरगा म्हणाला, ‘‘काका, कन्नड बोलतो की मी. खानापूरच्या बाजारात रोज बोलतो.’’ बोलतोस रे, पण पत्र लिहून दाखव म्हटल्यावर गप्प. वाचनालयातल्या कन्नड पेपरच्या गठ्ठ्याला आजवर कुणी हात लावलेला नव्हता, तो आज खाली काढला.

5 जुलै

दाखले देणाऱ्या नाडकचेरीचा सर्व्हर बंद, म्हणून अर्धी पोरं दाखल्यांविना आली. दाखल्यावरचा आरडी नंबर वहीत उतरवून घ्या एवढंच सांगितलं. अर्जात तोच विचारतात आणि पोरं दाखल्याचा फोटो शोधत बसतात.

प्रवर्गाबद्दल. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या 3बी गटात. हा राज्याचा दाखला आणि तो राज्याच्याच भरतीत चालतो. दिल्लीच्या अर्जात ओबीसीवर टिक करायच्या आधी आपली जात केंद्राच्या कर्नाटक यादीत आहे का ते बघायचं, आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढायचा. नसेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटक, बघायचं: घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि शेती 5 एकरांच्या आत. त्याचा दाखला आर्थिक वर्षापुरता, दर वर्षी नवा. इथे एका पोराच्या वडिलांनी आवाज चढवला, ‘‘एकाच माणसाची जात कचेरीगणिक बदलतेय काय?’’ मी म्हटलं, जात नाही हो तात्या, यादी बदलते. त्यांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण फॉर्म तसाच भरावा लागतो.

12 जुलै

मुंबईची फाईल. आज गर्दी जास्त, बेळगावातूनही काही जण आले.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. सामान्य प्रशासन विभागाचं 10 जुलै 2008 चं परिपत्रक त्यासाठी आहे आणि महाराष्ट्राच्या भरतीच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख असतो. अट 15 वर्षांच्या वास्तव्याची. दाखला ठरलेल्या नमुन्यात हवा. नमुना जाहिरातीसोबत असतो. तोच छापून कचेरीत न्यायचा, नाहीतर कारकून आपल्याकडचा नेहमीचा रहिवासी दाखला देतो आणि तिकडे तो कुणी धरत नाही. आपलं गाव यादीत आहे का, आणि यादीतलं नाव व आधारवरचं नाव एकच वाटतं का, हे आधी बघून घ्या. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. ‘खानापूरचं सगळं हायच की यादीत’ असं म्हणणाऱ्या कुणीही यादी उघडलेली नव्हती.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. आपल्याला अर्जाची शेवटची तारीख पाळायची आहे.

या फाईलमध्ये दोन कागद बहुतेकांकडे नाहीत. एक, एमएस-सीआयटी किंवा त्याच्या तोडीचं संगणक प्रमाणपत्र. दोन, लिपिक-टंकलेखकाला लागणारं टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र: मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40. ‘टायपिंग येते’ या ओळीला शून्य किंमत. आमच्याकडे मोबाईलवर धडाधड मराठी टाइप करणारे पुष्कळ आहेत, त्यातला एकही या परीक्षेला बसलेला नाही. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. चंदगड, गडहिंग्लजकडे शिकवणी कुठे मिळते याची चौकशी करायचं एका पोराने अंगावर घेतलंय.

तिकडच्या फाईलला मराठी भाषेचा पुरावा लागतो, आणि तो आपल्याकडे पक्का आहे: एसएसएलसीच्या कार्डावर पहिली भाषा मराठी. त्याच कार्डावर दुसरी किंवा तिसरी भाषा कन्नड. या एका कागदाची किंमत पोरांना कळत नाही. डाकसेवकाला त्या त्या सर्कलची भाषा दहावीपर्यंत शिकलेली लागते. कर्नाटक सर्कलला कन्नड, महाराष्ट्र सर्कलला मराठी चालते. आपलं पोरगं दोन्हीकडे बसतं. अर्ज मात्र एका वेळी एकाच विभागात, तेव्हा विचार करून. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएटचंही (लिपिकाचंही) तसंच: ज्या राज्यात अर्ज केला तिथली भाषा दहावी-बारावीच्या कार्डावर असली की भाषेची वेगळी चाचणी होत नाही. धारवाडच्या पोराला मुंबईला जाताना हे नाही, कोल्हापूरच्या पोराला बेंगळूरला जाताना हे नाही.

19 जुलै

आज फक्त एकीचं काम, आणि तेच या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं. गर्लगुंजीची मुलगी, एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर) झालेली. एका केंद्रीय संशोधन संस्थेच्या प्रकल्पात कंत्राटी जागा, थेट मुलाखत, सोबत बायोडाटा आणण्याची अट. इथे खरा बायोडाटा लागतो. बेळगावला अशा जाहिराती येत राहतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकाची संस्था नेहरूनगरात आहे, विद्यापीठांचे प्रकल्प असतात, आरोग्य अभियानाच्या जागा असतात.

तिचा जुना कागद: ‘एका संस्थेत काम केले. लोकांशी बोलण्याची आवड. संघभावना.’ बस्स.

जाहिरात मोठ्याने वाचायला सांगितली. अत्यावश्यक: समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, घरोघरी माहिती गोळा करण्याचा एक वर्षाचा अनुभव. इष्ट: स्थानिक भाषांचं ज्ञान, संगणकावर माहिती भरता येणं. मग एकेका अटीला तिला विचारत गेलो. संस्थेत काय करायचीस? ‘‘सर्व्हे करायचे.’’ कसला? ‘‘गरोदर बायांच्या आहाराचा.’’ कुठे? ‘‘लोंढ्याकडची गावं, जंगलातली.’’ कुठल्या भाषेत? ‘‘प्रश्न कन्नडमध्ये छापलेले. बाया मराठी नाहीतर कोकणी बोलायच्या. मी मराठीत विचारायचे, उत्तर कन्नडमध्ये लिवायचे.’’ संध्याकाळी काय? ‘‘एक्सेलमध्ये भरून पाठवायचे, नेटवर्क असलं तर.’’

म्हणजे इष्ट, अत्यावश्यक सगळं तिच्याकडे होतंच आणि कागदावर काहीच नव्हतं! नवा मजकूर तिच्याकडूनच लिहून घेतला: पदाचं नाव, संस्था, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. खाली तीन ओळी: खानापूर तालुक्यात घरभेटींतून गरोदर स्त्रियांच्या आहाराची माहिती घेतली, कन्नड प्रश्नावली मराठीत विचारून कन्नडमध्ये नोंदवली, नोंदी एक्सेलमध्ये भरून दर आठवड्याला सादर केल्या. घरांचा आकडाही टाकायचा होता, पण तो अनुभवाच्या दाखल्यात नाही, म्हणून गाळला. तिला वाईट वाटलं. नियम तो नियम. तिने संस्थेकडून आकड्यासह नवा दाखला आणला तर घालू.

भाषेच्या रकान्यात ‘पाच भाषा येतात’ असं नको. मराठी: वाचणे, लिहिणे, बोलणे. कन्नड: तेच तिन्ही. कोकणी: बोलणे. हिंदी, इंग्रजी: जसं असेल तसं. कोकणीपुढे ‘लिहिणे’ घालू नको म्हणून सांगितलं, मुलाखतीत कुणी कागद पुढे केला तर?

अनुभवाच्या दाखल्यावर ‘सुमारे एक वर्ष’ असं होतं. हा शब्द छाननीत मारतो. तारखा हव्यात, लेटरहेड हवं, शिक्का हवा, सही करणाऱ्याचं पद हवं. ती सोमवारी परत जाऊन दाखला बदलून आणणार.

कागदाचा क्रम जाहिरातीच्या क्रमाने लावला. सगळ्यात वर जाहिरात क्रमांक आणि पदाचं नाव. मग नाव-पत्ता, शिक्षणाचा तक्ता, अनुभव, भाषा, संगणक, शेवटी प्रतिज्ञापत्र, ठिकाण, तारीख, सही. दोन पानं झाली, प्रत्येकाला पान नंबर. धर्म, वजन, रक्तगट उडवले. वडिलांचा व्यवसायही उडवला. तिच्या आईला ते खटकलं, ‘‘शेतकऱ्याची लेक म्हणून लिवा की, जरा दया येईल.’’ छाननीत दयेचा रकाना नसतो, मावशी.

2 ऑगस्ट

दिल्लीची फाईल. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार मामा आले. सतरा वर्षं सेवा. म्हणाले, ‘‘आमचं काय लिवणार? सगळं डिस्चार्ज बुकात हाय की.’’ खरं आहे. पण डिस्चार्ज बुक उघडायला छाननीवाला बसलेला नसतो, त्यातलं त्याच्यासमोर काढून ठेवावं लागतं.

त्यांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी निघाल्या. केंद्राच्या गट क च्या पदांना वय मोजताना वयातून सेवेची वर्षं वजा करतात आणि वर तीन वर्षं मिळतात. त्यांनी स्वतःला केव्हाच बाद धरलं होतं. दुसरी, दहावी आणि 15 वर्षांची सेवा असलेला माजी सैनिक पदवी मागणाऱ्या गट क च्या बिगरतांत्रिक पदालाही अर्ज करू शकतो. हिशोब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा बराच वेळ कागदाकडेच बघत बसले. मग म्हणाले, ‘‘बाकीच्यास्नी पण सांगतो.’’ पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर आणखी लोक येणार असं दिसतंय. खुर्च्या वाढवायला हव्यात.

बायोडाट्यात ‘देशसेवा केली’ ही ओळ होती. ती ठेवायची की नाही यावर चर्चा झाली. मी म्हटलं ठेवा, पण खाली लिहा काय केलंत: भांडाराचा हिशोब, किती माणसांची हजेरी, गाडीच्या लॉगबुकाची जबाबदारी. त्यांनी भांडार सांभाळलं होतं, आणि ते अर्ज करणार होते भांडारपालाच्या जागेला. हे त्यांनी शेवटी, चहा पिताना सांगितलं.

9 ऑगस्ट

फोटो आणि सह्या. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. सही आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत चालत नाही. अक्षर चांगलं म्हणून बहिणीकडून लिहून घेतलेलं एक सापडलं, फाडून परत लिहायला लावलं. एसएससीचं (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाचं) संकेतस्थळ फेब्रुवारी 2024 मध्ये नवं झालं. जुनी नोंदणी तिथे चालत नाही, एकदाची नोंदणी नव्याने करायची. त्यांची एमटीएसची (मल्टी टास्किंग स्टाफची) परीक्षा 2023 पासून मराठीतून आणि कन्नडमधूनही देता येते. अर्जात भाषा निवडायचा रकाना पोरं सवयीने इंग्रजीवर सोडतात.

23 ऑगस्ट

गणपतीची तयारी, हजेरी थोडी. मूळ तक्त्याचा कोरा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये छापून कपाटात ठेवला. कन्नड मजकूर जांबोटीच्या पोराने लिहिला. चुका होत्या, पण वाचता येत होता. हेडमास्तरांनी दुरुस्त करून दिला.

13 सप्टेंबर

गर्लगुंजीच्या मुलीची मुलाखत झाली. निकाल अजून लागलेला नाही. म्हणाली, पहिलाच प्रश्न प्रश्नावलीवर: कन्नडमधला प्रश्न मराठीत विचारताना अर्थ बदलत नव्हता कशावरून? तिने लोंढ्याकडचं उदाहरण दिलं. दाखल्यावर आता तारखा आहेत आणि घरांचा आकडाही.

हवालदार मामा आणखी चौघांना घेऊन आले, सगळ्यांची डिस्चार्ज बुकं पिशवीत. गडहिंग्लजच्या टायपिंगची चौकशी झाली: बॅच दसऱ्यानंतर सुरू. नावं देणाऱ्यांनी पुढच्या शनिवारी दहावीच्या कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणायचे.